आर्मेनियन भाषेत 'किती वाजले?' कसं विचारायचं? मदत हवी आहे

सुमन_वाई

नमस्कार मंडळी.

माझ्या धाकट्या मुलाचं लग्न गेल्या वर्षी झालं. सून आर्मेनियाची, ग्युमरी गावची. दोघं पुण्यात असतात. ती मराठी शिकतेय, 'आई, चहा टाकू का?' इथपर्यंत आली आहे. विहीणबाई मात्र ग्युमरीत एकट्याच राहतात. त्यांना आर्मेनियन आणि रशियन येतं, मला मराठी आणि कामापुरतं हिंदी. दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो तेव्हा मुलं मध्ये बसून इकडचं तिकडे करतात.

मागच्या महिन्यात दोघं प्रवासात होती आणि विहीणबाईंनी थेट मलाच फोन लावला. त्यांनी खिडकीत वाळत घातलेले जर्दाळू दाखवले, मी कुरडयांचा डबा दाखवला. खूप हसलो दोघी. ठेवताना त्यांनी मनगटावर बोट ठेवून काहीतरी विचारलं आणि पाच बोटं दाखवली. मी समजले, पुढच्या रविवारी पाच. पाच वाजता फोन मांडीवर घेऊन बसले. सहापर्यंत वाट पाहिली आणि देवळात गेले. परत येऊन बघते तर साडेसहाचे त्यांचे तीन मिस्ड कॉल! त्यांचे पाच म्हणजे आपले साडेसहा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तीन वेळा फोन केला बिचारीने, फार वाईट वाटलं.

मला अख्खी भाषा नको. किती वाजले, अमुक वाजता फोन करते, आणि सव्वा-साडे-पावणे एवढंच हवंय. ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलंय, त्यामुळे आकड्यांची भीती नाही. कृपया देवनागरीत लिहा.

मुक्ता_प

सुमनताई, उत्तर माहीत नाही, पण कुरडया आणि जर्दाळू वाचून इथेच बसले आहे.

येरेवानचा_पंकज

काकू, मी येरेवानला मेडिकलच्या चौथ्या वर्षाला आहे, मूळचा अहमदनगरचा. माझ्या कामाचा धागा पहिल्यांदाच निघालाय, सविस्तर लिहितो.

आधी आकडे: मेक, येर्कु, येरेख, छोर्स, हिंग, वेत्स, योथ, उथ, इनं, तासं. अकरा म्हणजे तासनमेक (दहा-एक), बारा तासनेर्कु.

प्रश्न: झामं खानिसन ए? झाम म्हणजे तास, खानी म्हणजे किती, ए म्हणजे आहे. 'झामं'चा शेवट आपण बोलताना 'केलं, गेलं' म्हणतो तसाच करायचा. माझ्या वर्गातल्या इतर देशांच्या मुलांना तो उच्चार जमत नाही, आपल्याला फुकट मिळालाय. झ मात्र 'झाड'मधला नाही. 'टेलिव्हिजन' नीट म्हणताना ज जसा घासून येतो, तसा.

उत्तर: झामं मेकन ए (एक वाजला), झामं येरेखन ए (तीन वाजले), झामं हिंगन ए (पाच वाजले). आकड्याला 'न' चिकटतो. फक्त दोन आणि बाराला मध्ये एक स येतो: येर्कुसन ए, तासनेर्कुसन ए. सुरुवातीला मी तो स हमखास विसरायचो आणि बेकरीतल्या आजी हमखास सुधारायच्या.

अमुक वाजता: झामं हिंगिन (पाच वाजता), झामं उथिन (आठ वाजता). म्हणजे शेवटी 'इन'.

वेळेत दीड तासाचा फरक आहे, आर्मेनिया मागे. त्यामुळे त्यांचा कुठलाही पूर्ण तास आपल्याकडे 'साडे'च होतो (नाहीतर दीड किंवा अडीच). तुम्हाला अर्धा सगळ्यात आधी लागणार. अर्धा म्हणजे केस.

साडेसहा: झामं वेत्सन आंत्स केस ए. आंत्स म्हणजे ओलांडून, सहा ओलांडून अर्धा.

पावणेसहा: तासनहिंग पाकास वेत्स. तासनहिंग पंधरा, पाकास म्हणजे कमी. पंधरा कमी सहा.

एक लक्षात ठेवा, आंत्स असताना तास आधी आणि मिनिटं नंतर, पाकास असताना मिनिटं आधी आणि तास नंतर. पाव तासासाठी 'खारोर्द' असा शब्दही आहे, पण रोजच्या बोलण्यात मी तरी पंधराच जास्त ऐकतो.

खट्याळ_बंड्या

म्हणजे पाच = हिंग, दहा = तास, अर्धा = केस. दहा वाजून पाच मिनिटं म्हणजे 'तासन आंत्स हिंग'. आमच्या आजीचं वरण याच वेळेला फोडणीला पडायचं!

मुक्ता_प

बंड्या, तू हसवलंस, पण आता हे तीन शब्द मी जन्मात विसरणार नाही. सुमनताई, पाठ झाले की नाही तुमचे?

शब्दवेडा

बंड्याने गमतीत लिहिलं खरं, पण यातल्या एका शब्दाखाली खरोखर खजिना आहे.

आधी हिंग. आपल्या स्वयंपाकातल्या हिंगाशी त्याचा संबंध नाही, तो आहे आपल्या 'पंच'चा सख्खा नातेवाईक. मूळच्या प चा आर्मेनियनमध्ये ह झाला. पितृ त्यांच्याकडे 'हाइर' झाला, तसाच पंच 'हिंग' झाला. छोर्स म्हणजे चत्वारि, आपलं चार. योथ म्हणजे सप्त, उथ म्हणजे अष्ट, तासं म्हणजे दश. येर्कु आणि द्वि हेही एकाच मुळाचे, ऐकून कुणाचा विश्वास बसणार नाही, पण आंत्वान मेये या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने ते दाखवून दिलं. आर्मेनियनमध्ये फारसी-पार्थियन शब्दांचा इतका भरणा आहे की एके काळी ती इराणी भाषाच समजली जायची. ती भारत-युरोपीय कुळाची स्वतंत्र शाखा आहे, हे ह्यूब्शमानने १८७५ मध्ये सिद्ध केलं.

आता तास. त्यांचा दहा आणि आपला तास यांचं काही नातं नाही, नुसतं ध्वनिसाम्य. पण आपला तास आला कुठून? फारसी 'तास' म्हणजे वाडगा, थाळी. पूर्वी तळाला भोक पाडलेलं भांडं पाण्यात सोडत, ते भरून बुडालं की थाळीवर टोला देत. ज्या थाळीवर टोला पडायचा तिचंच नाव वेळेला मिळालं. म्हणून आपल्याकडे तास अजूनही 'वाजतात'. आणि आर्मेनियनमध्ये तोच फारसी शब्द 'थास' या रूपात आहे, अर्थ पेला, वाटी. म्हणजे काकू, विहीणबाईंच्या फडताळात आपले 'तास' ओळीने मांडून ठेवलेले आहेत!

वेळ या अर्थाचा त्यांचा शब्द 'झामानाक' हाही इराणीतून आलेला, आपला 'जमाना' त्याचाच भाऊबंद. घड्याळाला ते 'झामात्सुइत्स' म्हणतात, म्हणजे तास दाखवणारं.

सुमन_वाई

अरे बाळा पंकज, किती नीट समजावलंस! वहीत उतरवून घेतलं. शब्दवेडा, तुमची पोस्ट यजमानांना मोठ्याने वाचून दाखवली. ते म्हणाले, पुन्हा वाच.

एक शंका. आपलं 'पावणे' एका शब्दात सगळं सांगतं. त्यांच्याकडे तसा एकच शब्द नाहीच का?

शब्दवेडा

नाही, आणि इथे मला मराठीचा फार अभिमान वाटतो. पावणे म्हणजे पादोन, पाद + ऊन, पावाने कमी. साडे म्हणजे सार्ध, सव्वा म्हणजे सपाद. त्यांचं 'पाकास' आणि आपलं 'ऊन' एकच काम करतात, फक्त आपल्याकडे ते शब्दात विरघळून गेलंय. त्याहून गंमत अडीचची. अडीच म्हणजे अर्धतृतीय, 'तिसरा अर्धा'. जर्मन लोक अडीच वाजले सांगताना 'अर्धा तीन' म्हणतात ना? आपण तेच म्हणतो, आपल्याला ते ऐकू येत नाही इतकंच.

गणिती_किडा

शब्दवेडा, अभिमान ठीक आहे, पण मला उलट वाटतं. आर्मेनियन पद्धत किती स्वच्छ आहे बघा: दहा-एक, दहा-पाच. वीस ख्सान, एकवीस ख्सानमेक. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' छापलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. पण आर्मेनियाची सगळी पोरं तशीच मोजतात आणि त्यांचं काही अडत नाही. बासष्ट, त्रेसष्ट, एकोणसत्तर पाठ करताना माझ्या मुलीच्या डोळ्यांत पाणी येतं, ते मी रोज बघतोय.

शब्दवेडा

तुमच्या मुलीबद्दल सहानुभूती आहे. पण एकोणसत्तर गेलं की त्यातला 'ऊन'ही जातो, मग पावणेही जाईल. मला ते सोसवणार नाही.

सुमन_वाई

मी ३१ वर्षं दोन्ही बाजूंच्या मुलांना शिकवलंय, यावर वेगळा धागा काढा, मी येते. इथे मला रविवारच्या आत 'पाकास' जमवायचंय.

ग्लेंडेलवासी

मी कॅलिफोर्नियात ग्लेंडेलला राहते. इथे आर्मेनियन वस्ती खूप मोठी आहे, अर्ध्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या लिपीत. शेजारच्या आजी बैरूतच्या. त्यांच्याकडून शिकलेलं पंकजच्या माहितीशी जुळत नाही, म्हणून लिहितेय.

आमच्या आजी 'झामं खानी ए?' विचारतात, 'खानिसन' नाही. दहा म्हणजे 'दासं', तासं नाही. अर्ध्याला 'गेस' म्हणतात आणि साडेतीनला 'येरेख उ गेस', म्हणजे तीन आणि अर्धा. पावणेचार तर पूर्ण वेगळं: 'छोर्सिन खारोर्थ गा', चाराला पाव आहे. तुर्कीत अशीच रचना आहे, तिथूनच आलेली. दहा मिनिटं वर झाली तर 'पाचाला दहा ओलांडतंय' असं काहीसं.

येरेवानचा_पंकज

ताई, तुमचंही बरोबर. ती पश्चिम आर्मेनियन, पूर्वीच्या ऑटोमन मुलखातल्या लोकांची. आर्मेनियात शाळा, कचेरी, टीव्ही सगळीकडे पूर्व आर्मेनियन. लिपी तीच, पण क-ग, त-द, प-ब यांची अदलाबदल झालेली दिसते. काकूंची विहीण ग्युमरीची, त्यामुळे पूर्वच शिकावी.

शब्दवेडा

पंकज, इथे थोडं थांबावं लागेल. ग्युमरीची घरगुती बोली पश्चिम गटात मोडते. तिथल्या बऱ्याच कुटुंबांचे पूर्वज १८२८-२९ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धानंतर एर्झुरूमहून आलेले. एर्झुरूमचं आर्मेनियन नाव कारिन, म्हणून ती कारिन बोली. शाळेत शिकलेली भाषा पूर्व, घरातली वळणं वेगळी. आपल्याकडे वऱ्हाडातला माणूस पुस्तक एका मराठीत वाचतो आणि अंगणात दुसरीत बोलतो, तसंच.

येरेवानचा_पंकज

हे मला माहीत नव्हतं! माझा एक वर्गमित्र ग्युमरीचा आहे, तो घरी फोनवर बोलायला लागला की मला निम्मं कळत नाही, त्याचं कारण आज समजलं. ग्युमरीची माणसं विनोदासाठी सगळ्या आर्मेनियात प्रसिद्ध आहेत, हेही सांगून ठेवतो. काकू, पंकजचं बोला आणि विहीणबाईंचं ऐका. त्या पूर्वही समजतीलच.

ग्लेंडेलवासी

पटलं. मात्र त्या 'उ केस' म्हणतात की 'आंत्स केस', हे नक्की ऐकून इथे कळवा. मला मनापासून उत्सुकता आहे.

गोंयचो_फिलिप

आमचे आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले. सोमवारला पोर्तुगीजमध्ये 'सेगुंदा फेइरा', म्हणजे दुसरा. तुमचा हा आर्मेनियन कसा मोजतो ते पाहिलं तर तोही सोमवारला 'येर्कुशाब्थी' म्हणतो, दुसराच! मग येरेकशाब्थी, छोरेकशाब्थी, हिंगशाब्थी. रविवार मात्र 'किराकी', तो ग्रीकमधून, अर्थ प्रभूचा वार. सुमनबायला रविवारच हवा, म्हणजे एकच शब्द पुरे.

फोर्टचे_नाना

मी आयुष्यभर मुंबईत फोर्टात नोकरी केली. नगीनदास मास्टर रोडवर, म्हणजे जुन्या मेडोज स्ट्रीटवर, आर्मेनियन लोकांचं सेंट पीटर चर्च आहे, मूळ १७९६ चं. रोज त्यावरून गेलो, पण आत एकदाच पाऊल टाकलं. तिथे एका वयस्क बाईंनी मला सांगितलेलं अजून आठवतं: 'झाम' म्हणजे तास आणि 'झाम' म्हणजे प्रार्थनाही. 'झामला जाते' म्हणजे चर्चला जाते. प्रार्थनेच्या पोथीचं नाव 'झामागिर्ख', तासांचं पुस्तक. आपल्याकडे त्रिकाळ संध्या वेळेला बांधलेली, तसंच त्यांचंही.

दुसरी गोष्ट त्यांच्या अक्षरांची. मेस्रोप माश्तोत्स यांनी इसवी सन ४०५ च्या सुमारास ३६ अक्षरं तयार केली, आणि प्रत्येक अक्षराला एक संख्याही आहे. नऊ-नऊच्या चार ओळी: पहिली एकं, दुसरी दशकं, तिसरी शतकं, चौथी हजार. अशा आकड्यांची घड्याळं असतात, तबकडीवर अंकांच्या जागी अक्षरं. दहाचं अक्षर 'झे', आणि झाम शब्द सुरू होतो तोही त्याच अक्षराने.

सुमन_वाई

नाना, ३६ अक्षरं, ९ × ४! वर्गात असते तर फळ्यावर ओळी आखून दाखवलं असतं. सुनेला विचारलं तर ती म्हणाली, माझ्या आईकडे तसं घड्याळ आहे, स्वयंपाकघरात. पुढच्या कॉलला बघणार.

शब्दवेडा

सुमनताई, तुम्ही गणिताच्या म्हणून सांगतो. सातव्या शतकात अनानिया शिराकात्सी नावाचा मोठा गणिती आणि कालगणनेचा पंडित आर्मेनियात होऊन गेला. मुलांसाठी गणिताची उदाहरणंही लिहिली आहेत त्याने. शिराकात्सी म्हणजे शिराकचा. आणि ग्युमरी आहे शिराक प्रांतातच. तुमच्या विहीणबाई त्याच्या गाववाल्या.

जुन्या आर्मेनियन परंपरेत तर तासांना आकडे नव्हे, नावं होती. दिवसाचे बारा, रात्रीचे बारा, प्रत्येकाला वेगळं नाव. दिवसाचा पहिला 'आयग', म्हणजे पहाट. रात्रीचा पहिला 'ख़ावाराक', ख़ावार म्हणजे अंधार. मध्ये एक तास 'किरणांचा'. आपण प्रहर, घटिका, मुहूर्त मोजत होतो. एका दिवसाच्या ६० घटिका, ३० मुहूर्त. पण चोवीस तासांना चोवीस नावं ठेवणाऱ्या लोकांचं मला फार अप्रूप वाटतं.

येरेवानचा_पंकज

काकू, आता दोन सापळे सांगतो, दोन्हीत मी पडलोय.

पहिला: 'येरेख' म्हणजे तीन, 'येरेक' म्हणजे काल. फक्त ख आणि क. आपण क-ख वेगळे ऐकतो, म्हणून सुटतो. माझे इंग्रजी बोलणारे मित्र यात नेहमी गोंधळतात. ('येरेको' म्हणजे संध्याकाळ, तोही त्याच ओळीत उभा. संध्याकाळी पाच वाजता: येरेकोयान झामं हिंगिन.)

दुसरा सापळा मोठा. 'झामं येर्कुसिन' म्हणजे दोन वाजता. 'येर्कु झामित्स' म्हणजे दोन तासांनी. आकडा झामच्या आधी आला की ते तासांचं मोजमाप, नंतर आला की घड्याळातली वेळ. पहिल्या वर्षी एका कचेरीत सकाळी अकराला मला 'येर्कु झामित्स' या, असं सांगितलं. मी ऐकलं दोन. दोनला गेलो तर खिडकी बंद. त्यांनी एकला बोलावलं होतं. बाहेर बर्फ, पुढची तारीख आठवड्यानंतरची. त्या दिवसापासून मी आकडा आधी आहे की नंतर हेच ऐकतो.

खट्याळ_बंड्या

मराठीतही आहे की हे! 'दोन तासांनी ये' म्हटलं की आमचा मुलगा दोनला येतो. मात्र त्याला खरंच ऐकू येतं की सोयीचं तेवढंच, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

येरेवानचा_पंकज

हा हा. काकू, अजून एक सांगायचं होतं, सांगू की नको असं दोन दिवस वाटत होतं. ग्युमरीत एक घड्याळ आहे, थांबलेलं. ७ डिसेंबर १९८८ ला सकाळी ११:४१ ला स्पिताकचा भूकंप झाला. सुमारे २५ हजार माणसं गेली. ग्युमरी (तेव्हाचं नाव लेनिनाकान) उद्ध्वस्त झालं. शाळा भरलेल्या होत्या. ते घड्याळ ११:४१ वर तसंच आठवण म्हणून ठेवलंय. माझा वर्गमित्र त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मला, पण 'तासनमेकन आंत्स खारासुनमेक' हे शब्द तो हळू आवाजात म्हणतो. विहीणबाईंशी घड्याळाबद्दल बोलणार आहात, म्हणून तुम्हाला माहीत असावं.

मुक्ता_प

अंगावर काटा आला.

औशाचा_माणूस

बरेच दिवस नुसता वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

आमचं आजोळ किल्लारीजवळचं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. मी नऊ वर्षांचा, आई-वडलांबरोबर औशात होतो म्हणून वाचलो. मामाच्या घरातल्या भिंतीवरचं घड्याळ ढिगाऱ्यात सापडलं. काच फुटलेली, काटे तिथेच. मामीने ते शेवटपर्यंत जपून ठेवलं, सेल काढून. आमच्याकडे अजूनही कुणी 'चारला चार कमी' म्हणत नाही. तीन छप्पन म्हणतात.

सुमनताई, तुमच्या विहीणबाई जर त्या वेळी तिथे असतील, तर त्या स्वतःहून सांगेपर्यंत विचारू नका. सांगितलं तर फोन ठेवू नका, बसून राहा. बोलता आलं नाही तरी चालतं.

सुमन_वाई

दादा, तुमचं लिहिणं रात्री वाचलं आणि झोप लागली नाही. सुनेला विचारलं नाही, पण तिनेच आज सांगितलं. तिची आई तेव्हा शाळेत शिक्षिका होती. नवी लागलेली, चोवीस वर्षांची. पुढचं इथे लिहीत नाही.

आम्ही दोघीही मास्तरीण आहोत, हे मला आज कळलं. वर्षभरात कुणी सांगितलंच नव्हतं.

ग्लेंडेलवासी

सुमनताई, शब्द नाहीत. रविवारी तुमच्या बाजूने आम्ही सगळे आहोत असं समजा.

फोर्टचे_नाना

+१

सुमन_वाई

मुलांना सांगितलं आहे, या रविवारी मध्ये बोलायचं नाही. मी तयार केलेली वाक्यं तपासून द्या:

१. बारेव द्झेझ. (नमस्कार.)
२. झामं खानिसन ए? (किती वाजले?)
३. किराकी, झामं हिंगिन, कंझांगेम. (रविवारी पाच वाजता फोन करीन.)

येरेवानचा_पंकज

तिन्ही बरोबर! 'कंझांगेम'मधला झ मात्र आपल्या 'झाड'मधला, तिथे घासायचा नाही. आणि 'किराकी ओरं' म्हणा, 'रविवारच्या दिवशी', जास्त गोड वाटतं. वेळ त्यांच्या घड्याळाप्रमाणेच सांगा, म्हणजे 'हिंगिन'. तुमची घाई तुम्ही सांभाळा, देवळात साडेसहानंतर जा.

सुमन_वाई

जाऊन आले. म्हणजे, बोलून झालं! सविस्तर सांगते.

बरोबर साडेसहाला मीच लावला. 'बारेव द्झेझ' म्हटल्यावर त्या हसल्या, रोजच्यासारखं. मग मी म्हटलं, 'झामं खानिसन ए?' एकदम गप्प झाल्या. मला वाटलं चुकलं. त्यांनी मान वळवून भिंतीकडे बघितलं, फोन फिरवला, आणि मला ते घड्याळ दिसलं, अक्षरांचं! नाना, तुमचं 'झे' मी ओळखलं, दहाच्या जागी. मग त्या शाळेत म्हणतात तसं एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, 'झामं. हिंगन. ए.' आणि लगेच मला विचारलं, 'सुमन-जान, झामं खानिसन ए?'

मी म्हटलं, 'झामं वेत्सन आंत्स केस ए.'

त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग बाराचे काटे बोटाने दाखवून मला विचारलं, मी 'तासनेर्कुन' म्हणाले, त्यांनी मान हलवली आणि 'तासनेर्कुसन' असं स वर जोर देऊन म्हणून घेतलं. पंकज, तुझ्या बेकरीतल्या आजीसारखंच! मग मी त्यांना 'साडेसहा' शिकवलं. 'साद्दे' म्हणतात. पुढच्या वेळेला ड करून घेईन.

ग्लेंडेलवासी, त्या 'आंत्स केस'च म्हणाल्या, पण नंतर सुनेशी बोलताना भरभर काहीतरी वेगळं म्हणाल्या, ते मला पकडता आलं नाही.

फडताळातून एक वाटी काढून 'थास' म्हणून दाखवली, कारण मी शब्दवेडांचं सगळं सुनेकडून आधी कळवून ठेवलं होतं. मी आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करून 'तास' म्हटलं. दोघींना हसू आवरेना.

चाळीस मिनिटं झाली. मध्ये बराच वेळ कुणीच बोललं नाही, तरी फोन ठेवला नाही. औशाच्या दादा, तुमचं ऐकलं.

आता एकच विचारायचंय. 'अजून थोडं बोलूया' कसं म्हणतात?

येरेवानचा_पंकज

'मी खिछ एल ख़ोसेंख.' आणि काकू, हे म्हणायला लागलात की साडेसहाची देवळाची वेळ आठच्या पुढे जाईल, आधीच सांगतो.

औशाचा_माणूस

मी पण लिहून घेतलं.